उंची जमिनीवरच ठरते

शाळेच्या दाराच्या वरच्या चौकटीस उडी मारून बोटे लावण्याचा यत्न ज्याने कधी केला नाही, असा मुलगा विरळाच. काल जी चौकट चार बोटे दूर होती ती आज हाताला लागली, ह्या आनंदाची सर पुढील आयुष्यातील कितीतरी मोठ्या यशांना येत नाही. मनुष्यास पंख नाहीत. पृथ्वीची ओढ त्यास क्षणभरही सोडीत नाही. आणि तरीही अर्ध्या सेकंदापुरते का होईना, तिच्या हातून निसटून पाहावे ही ऊर्मी त्याच्या ठायी उपजतच आहे. उंच उडीचा खेळ म्हणजे ह्या बालसुलभ ऊर्मीला शिस्त लावून तयार झालेले एक रूप होय.

ही शिस्त म्हणजे नेमके काय? तालमीत घुमलेल्या, भरदार मांड्यांच्या एखाद्या गड्याला उडी मारावयास सांगावे, तर तो दोन वितींच्या वर जात नाही. आणि त्याच्याच शेजारी उभा असलेला काटकुळा मुलगा मात्र सहज त्याच्याहून हातभर वर जातो. असे का व्हावे? ह्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या शास्त्रास जीवयांत्रिकी असे म्हणतात. नाव भारदस्त असले, तरी त्यामागील विचार अगदी साधा आहे. फेकलेल्या दगडाला जे नियम लागू पडतात, तेच जिवंत शरीरालाही लागू पडतात. फरक इतकाच, की येथे फेकणाराही शरीर आणि फेकला जाणाराही शरीरच. ह्या शास्त्राने उडीविषयी जे सांगितले आहे त्याचे सार एका वाक्यात सांगावयाचे झाल्यास ते असे, की उडीची उंची हवेत ठरत नाही; ती जमिनीवरच ठरते. ह्या वाक्याचा अर्थ वरवर पाहता दिसतो त्याहून पुष्कळ खोल आहे, आणि तो न उमगल्यामुळे कित्येक होतकरू मुलांचे गुडघे अकाली निकामी होतात. म्हणूनच त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

प्रत्येक शरीरात एक असा बिंदू कल्पिता येतो, की जणू सारे वजन त्या एका ठिकाणी एकवटले आहे. ह्यास गुरुत्वमध्य म्हणतात. सरळ उभ्या असलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली, पोटाच्या आत असतो. उडी मारणारा हवेत हातपाय कसेही झाडो, पाठ वाकवो अथवा गुडघे पोटाशी घेवो, हा बिंदू मात्र वर फेकलेल्या चेंडूप्रमाणे आपल्या ठरलेल्या मार्गानेच जातो आणि खाली येतो. पाय जमिनीवरून सुटताना त्याला वरच्या दिशेने जो वेग मिळाला असेल, त्यावरून तो किती वर जाणार हे त्याच क्षणी ठरून गेलेले असते. हवेत ढकलावयास काहीच नसते. तेथे मग कितीही ताकद लावली तरी ती व्यर्थ होय.

आता थोडा हिशेब पाहू. जागच्या जागी उभे राहून केलेल्या उडीत आपला गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटर वर गेला असे समजा. त्यासाठी पाय सुटताना सेकंदाला २.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १० किलोमीटर इतका वेग लागतो. सायकलवरून रमतगमत जाणाऱ्याचा वेग ह्याहून फार कमी नसतो. तथापि ह्या हिशेबात एक गंमत आहे. उंची ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग शेकडा १० ने वाढला, तर उंची शेकडा २१ ने वाढते, आणि ४० सेंटिमीटरची उडी ४८ सेंटिमीटरवर जाते. जमीन सोडतानाच्या त्या एका क्षणी केलेली लहानशी कमाई वर गेल्यावर दुपटीने पदरात पडते, असे म्हणावयास हरकत नाही.

उड्डाणाचा काळही असाच ठरलेला आहे. ४० सेंटिमीटरच्या उडीत मनुष्य जमिनीपासून सुटून परत येईपर्यंत जेमतेम ०.५७ सेकंद लोटतात. उत्तम उडी मारणारा क्षणभर हवेत तरंगतो असा जो आपणांस भास होतो, त्याचेही कारण ह्याच नियमात आहे. वर जाताना वेग कमी कमी होत जातो आणि शिखरापाशी तो शून्य होतो. त्यामुळे उड्डाणाच्या एकूण काळापैकी निम्मा काळ शरीर उडीच्या वरच्या चौथाई भागातच असते. तरंगणे ही जादू नव्हे. तो केवळ काळाच्या वाटणीचा प्रश्न आहे.

मग हा वेग येतो कोठून? न्यूटनने १६८७ साली जगापुढे मांडलेल्या तिसऱ्या नियमानुसार आपण जमिनीस जेवढ्या जोराने खाली दाबतो, तेवढ्याच जोराने जमीन आपणांस वर ढकलते. म्हणजे आपणांस वर नेते ती खरोखर जमीनच. आपण फक्त तिच्याकडे मागणी करावयाची. ही मागणी किती असावी लागते तेही पाहण्यासारखे आहे. गुडघे वाकवून बसलेल्या स्थितीपासून टाचा उचलून पाय सुटेपर्यंत गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटर वर सरकतो असे धरू. ह्या अंतरात पायांनी सरासरी आपल्या वजनाच्या दुप्पट जोर लावला, तर उडीही बरोबर ४० सेंटिमीटर होते, आणि हे सारे काम सुमारे ०.२९ सेकंदात आटोपते. आता ४० ऐवजी ५० सेंटिमीटर वर जावयाचे आहे. जोर दुपटीऐवजी सव्वादोन पट लावावा लागेल, हे तर उघडच आहे. परंतु शरीर अधिक वेगाने वर येऊ लागल्यामुळे तेच अंतर आता सुमारे ०.२६ सेकंदातच सरते. म्हणजे काम वाढले आणि मुदत मात्र घटली! जितकी उंच उडी हवी, तितका जोर अधिक, आणि तो लावावयास मिळणारा वेळ तितकाच कमी. उडीच्या साऱ्या अवघडपणाचे मर्म ह्या एका गोष्टीत आहे.

पहिलवान गडी आणि काटकुळा मुलगा ह्यांच्यामधील कोडेही येथेच सुटते. स्नायूला आज्ञा मिळाल्याबरोबर तो आपले सारे बळ एकदम प्रकट करीत नाही. पूर्ण जोर येण्यास त्यास ०.३ सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. जड ओझे सावकाश उचलणाऱ्यास एवढा अवधी मिळतो. पण धावत येऊन एका पायावर उडी घेणाऱ्या खेळाडूचा पाय जमिनीवर टेकलेला असतो तो केवळ ०.१५ ते ०.२ सेकंद. तेवढ्यात जो जोर प्रकट झाला तोच खरा. उरलेला पायाच्या पेटीतच राहतो. श्रीमंत पुष्कळ असतात, पण गरजेच्या क्षणी रोकड ज्याच्या हाताशी असेल त्याचाच व्यवहार होतो, तसे हे आहे. एकूण शक्ती ही ठेव झाली; ती झटकन काढता येणे ही निराळी कला. शिवाय पहिलवानास स्वतःचे वजनही उचलावयाचे असतेच.

ह्या अडचणीवर निसर्गाने एक उपाय योजून ठेवला आहे, आणि तो आपण नकळत वापरीत असतो. झेप घेण्यापूर्वी मांजर अंग चोरते. आपणही उडी मारण्याआधी चटकन खाली दबतो आणि त्याच ओघात वर उसळतो. बैठकीच्या स्थितीत दोन-तीन सेकंद स्तब्ध राहून मग उडी मारून पाहावी, आणि नंतर खाली दबून न थांबता उडी मारावी. दुसरी उडी काही सेंटिमीटर तरी उंच भरते, असा कोणासही अनुभव येईल. ह्याचे मुख्य कारण असे, की खाली जाणारे शरीर थोपवितानाच मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू ताणले जाऊन सज्ज होतात. वर येण्यास आरंभ होतो त्या पहिल्या क्षणीच पुरेसा जोर तयार असतो. टाचेमागील जाड कंडरा व गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा ह्याही रबराच्या वादीप्रमाणे ताणल्या जातात आणि आपल्यात साठविलेली शक्ती परत करतात. हातांचे कामही असेच. हात झोकाने वर नेले म्हणजे शरीर तेवढ्यापुरते जमिनीवर अधिक दाबले जाते आणि पायांना अधिक जोर लावण्याची संधी मिळते. नुसत्या हातांच्या झोक्याने जमीन सोडतानाचा वेग सुमारे शेकडा १० ने वाढतो असे प्रयोगांत आढळून आले आहे, आणि वेगातील ही वाढ उंचीत किती होते ते आपण आताच पाहिले.

हे झाले जागच्या उडीविषयी. स्पर्धेतील उंच उडीत खेळाडू धावत येतो, आणि ते धावणे सेकंदाला सात-आठ मीटर इतक्या वेगाचे असते. पुढे धावण्याचा वर जाण्याशी काय संबंध, असे कोणीही विचारील. शेवटचे पाऊल टाकताना निष्णात खेळाडू किंचित मागे रेलतो आणि तो पाय शरीराच्या पुढे, जवळजवळ ताठ असा रोवतो. वेगाने येणारे शरीर त्या पायावर अडते आणि त्याच्यावरून वर उचलले जाते. पुढे जाणाऱ्या वेगाचा काही अंश अशा रीतीने वरच्या दिशेस वळतो. मात्र त्या क्षणी पायावर येणारा भार शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. गुडघा दबला तर सारा वेग मातीस मिळतो. म्हणून ज्याच्या पायाला जेवढा वेग सोसवेल, तेवढ्याच वेगाने त्याने धावावे, हे येथील सूत्र होय.

धावण्याची वाट अखेरीस वळणदार का असते, तेही ह्यावरून कळेल. सायकलस्वार वळणावर आतल्या बाजूस झुकतो, तसाच हा धावपटूही झुकतो. त्यामुळे गुडघे फारसे न वाकविताच त्याचा गुरुत्वमध्य खाली येतो, आणि पाय रोवल्यावर झुकलेले शरीर सरळ होत असता त्यास वर जाण्यासाठी अधिक लांबीचा मार्ग मिळतो. सहा फूट उंचीच्या खेळाडूचा गुरुत्वमध्य, हात व एक गुडघा वर उचललेल्या स्थितीत, जमीन सोडताना सुमारे १.३० मीटर उंचीवर असतो. त्यास वरच्या दिशेने सेकंदाला ४.५ मीटर वेग मिळाला, तर तो आणखी १.०३ मीटर वर जाऊन २.३३ मीटरपर्यंत पोहोचतो. म्हणजे निम्म्याहून अधिक उंची ही उडीची नसून उडी सुरू होतानाच्या शरीरस्थितीची असते. क्यूबाच्या हाविएर सोतोमायोरने १९९३ साली स्पेनमधील सालामांका येथे २.४५ मीटरची दांडी ओलांडली आणि तीस वर्षांहून अधिक काळ तो उच्चांक अभंग राहिला. सोतोमायोर उंच बांध्याचा होता, हे खरे. परंतु म्हणून बुटक्याने निराश होण्याचे कारण नाही. अमेरिकेचा फ्रँकलिन जेकब्स अवघा १.७३ मीटर उंच होता. त्याने १९७८ साली २.३२ मीटर उडी मारली. स्वीडनच्या १.८१ मीटर उंचीच्या स्टेफान होल्मने २००५ साली २.४० मीटर ओलांडले. दोघेही आपल्याच डोक्याच्या ५९ सेंटिमीटर वरून गेले!

गुरुत्वमध्य वर नेणे ही पहिली अर्धी गोष्ट झाली. दुसरी गोष्ट म्हणजे सारे शरीर दांडीवरून, तिला न पाडता, पार करणे. प्रारंभी खेळाडू कात्रीच्या पात्यांप्रमाणे एकामागून एक पाय टाकून बसल्यासारखा दांडीवरून जात असे. ह्या रीतीत धड उभेच राहत असल्यामुळे गुरुत्वमध्य दांडीच्या बराच वर न्यावा लागे. पुढे शरीर आडवे करून, पोट दांडीकडे ठेवून लोळत जाण्याची पद्धत रूढ झाली. रशियाच्या व्हालेरी ब्रुमेलने ह्याच पद्धतीने १९६३ साली २.२८ मीटरपर्यंत मजल मारली आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले. ह्याहून निराळी रीत संभवत नाही, असे त्या वेळी जाणत्यांचे मत होते.

तथापि १९६८ साली मेक्सिको येथे डिक फॉसबरी नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी वळणावरून धावत आला, त्याने दांडीकडे चक्क पाठ केली, आणि डोके व खांदे आधी पलीकडे टाकून, पाठीची कमान करून तो दांडीवरून घसरत गेला. त्याच्या २.२४ मीटरच्या उडीस सुवर्णपदक मिळाले आणि तो ऑलिंपिकमधील उच्चांकही ठरला. हा तरुण विश्वविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकीचा अभ्यास करीत होता. ही उडी मात्र त्याने कोणत्याही ग्रंथावरून रचलेली नव्हती. शाळेत असताना पोटावरची पद्धत जमेना म्हणून तो जुन्या कात्रीच्या पद्धतीकडे वळला आणि तीत फेरफार करता करता त्यास ही नवी वाट सापडली.

ह्या पद्धतीतील चमत्कार समजण्यास हातातील बांगडी पाहावी. बांगडीचा मध्यबिंदू बांगडीच्या काचेत नसतो. तो मधल्या पोकळीत असतो. शरीराची कमान केली म्हणजे गुरुत्वमध्यही असाच शरीराच्या बाहेर, कमानीच्या खाली येऊ शकतो. डोके, धड, कंबर, पाय असा एकेक भाग दांडीवरून जात असता उरलेले भाग तिच्या दोहो बाजूंस खाली असतात. त्यामुळे सारे शरीर दांडीच्या वरून गेले आणि गुरुत्वमध्य मात्र दांडीच्या किंचित खालून गेला, असे घडणे शक्य आहे. अर्थात जुनी पद्धत ह्यामुळे एका दिवसात बाद झाली असे नव्हे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचे सुवर्णपदक पोटावरच्या पद्धतीने उडी मारणाऱ्या युरी तारमाकलाच मिळाले. फॉसबरीच्या पद्धतीची खरी सरशी झाली ती तिच्यात अधिक वेगाने व वळणाने धावत येता येते म्हणून, आणि ती शिकावयास सोपी आहे म्हणून. म्हणजे पुनः गोष्ट जमिनीपाशीच आली!

पण येथे एक प्रश्न उभा राहतो. पाठीवर उडी मारण्याची ही कल्पना शंभर वर्षांपूर्वी कोणासच का सुचली नसावी? ह्याचे उत्तर उडीत नाही, ते उडीनंतर कोठे पडावयाचे ह्यात आहे. पूर्वी दांडीपलीकडे वाळूचा अथवा लाकडाच्या भुशाचा खड्डा असे. त्यात पायांवर, निदान हातापायांवर उतरणे भाग होते. तेथे मानेवर किंवा पाठीवर पडणे म्हणजे आयुष्याचे अपंगत्व ओढवून घेणे होते. १९६० नंतरच्या काळात फोमच्या जाड गाद्या आल्या, आणि मगच हा मार्ग खुला झाला.

गादी काय करते ते पुनः हिशेबानेच पाहू. ४० सेंटिमीटर उंचीवरून खाली आलेले शरीर ४ सेंटिमीटर अंतरात थांबले, तर त्यावर सरासरी वजनाच्या अकरा पट आघात होतो. तेच शरीर ४० सेंटिमीटर अंतरात सावकाश थांबविले, तर आघात केवळ दुप्पट राहतो. दांडीवरून येणारा खेळाडू दोन मीटर उंचीवरून मानेच्या व पाठीच्या बाजूने खाली येत असतो. गादी म्हणजे विश्रांतीचे साधन नव्हे; थांबण्यासाठी मिळालेले ते अंतर होय.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली, हे मोकळेपणाने सांगणे मला भाग आहे. कित्येक वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करीत असता शाळांच्या क्रीडासाहित्याची एक यादी माझ्यापुढे मंजुरीसाठी आली होती. तीत उंच उडीचे खांब होते, दांडी होती, आणि जाड गादीही होती. तरतूद तुटपुंजी होती. खांब आणि दांडी ह्यांवाचून उडी होणार नाही, गादी मात्र उडी झाल्यानंतर लागते, तेव्हा तिच्यावाचून चालेल, असा विचार करून मी गादीवर लाल रेघ ओढली. त्या वर्षी खांब शाळांत पोहोचले. पुढे एका शाळेस भेट दिली असता मुले पटांगणातील विस्कटलेल्या वाळूवर पाठीच्या उडीचे अनुकरण करीत असलेली मी पाहिली. कोणास इजा झाली नाही, हे त्यांचे दैव; त्यात माझे कर्तृत्व काहीच नाही. परंतु अंगावर शहारा आला तो आजही आठवतो. लाल शाईने मी खर्च वाचविला नव्हता; मुलांच्या मानांवर तो टाकला होता.

ह्याच्या उलट नाशिक जिल्ह्यातील देवरगावचा सर्वेश कुशारे ह्याची कथा आहे. शाळकरी वयात त्यास फोमची गादी लाभणे शक्य नव्हते; तेव्हा मक्याचे भुसकट भरून तयार केलेल्या गादीवर त्याने उडीचे पहिले धडे घेतले. हाच सर्वेश २०२५ साली टोकियो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला. ह्या स्पर्धेतील उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय होय. शेताच्या बांधावर पडून राहणारे भुसकट ज्यांनी पोत्यात भरले, त्यांनी हे शास्त्र पुस्तकातून वाचले असो वा नसो, त्यांस ते कळले होते. पैसा नसणे ही अडचण आहे, पण गादी आवश्यक आहे हेच न कळणे ही त्याहून मोठी अडचण आहे.

आता सरावाविषयी. आमच्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी अशी समजूत आढळते, की उडी वाढवावयाची तर रोज शेकडो बेडूकउड्या माराव्यात; सिमेंटचा ओटा असला तरी चालेल, आणि गुडघे दुखू लागले म्हणजे सराव लागू पडला असे समजावे. आतापर्यंतच्या विवेचनावरून ही समजूत किती घातक आहे ते दिसून येईल. उडीस हवा असतो तो अत्यल्प काळात प्रकट होणारा पूर्ण जोर. पन्नासाव्या उडीस पाय थकलेले असतात, जोर उणावलेला असतो, आणि शरीर शिकते ते संथपणाच. कंडरा मात्र प्रत्येक उडीचा आघात मुकाट्याने सोसत राहतात. स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढते, पण कंडरा सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने बळकट होतात. ह्या दोहोंच्या चालीतील तफावत न ओळखणाऱ्याचा गुडघा एक दिवस तक्रार करतो. नॉर्वेतील अव्वल दर्जाच्या खेळाडूंची पाहणी करून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरुष व्हॉलीबॉलपटूंपैकी सुमारे ४५ टक्के जणांना गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचे दुखणे असल्याचे आढळून आले. उत्तम सोयी असलेल्या देशात ही स्थिती, तर सिमेंटवर उड्या मारणाऱ्या मुलांची काय कथा!

नुसती ताकद वाढविणे हेही पुरेसे नाही. अॅमस्टरडॅम येथील संशोधकांनी १९९४ साली संगणकावर मानवी शरीराची एक प्रतिकृती उभारून तिच्याकडून उडी मारविली. मग तिचे स्नायू अधिक बळकट केले, पण त्यांस मिळणाऱ्या आज्ञांचा क्रम पूर्वीचाच ठेवला. उडी वाढण्याऐवजी कमी झाली! नव्या बळास अनुरूप असा आज्ञांचा क्रम शोधून दिला तेव्हाच ती वाढली. भजनी मंडळात एखाद्याने पखवाज दुप्पट जोराने वाजविला, तर भजन रंगत नाही, ताल बिघडतो. म्हणून बैठका, ओझ्याच्या बैठका ह्यांनी बळ अवश्य वाढवावे. पण त्याबरोबर उडीचाही सराव चालू ठेवावा, म्हणजे नवे बळ जुन्या तालात बसते.

ह्यावरून सरावाची काही सूत्रे निघतात. उड्या मोजक्या असाव्यात, पण प्रत्येक उडी पूर्ण जोराची असावी. दोन उड्यांमध्ये दम जिरेपर्यंत थांबावे. तो वेळ आळसाचा नव्हे, सरावाचाच भाग आहे. पृष्ठभाग मातीचा किंवा हिरवळीचा असावा. उंचावरून खाली उडी टाकून लगेच वर उसळण्याचा जो प्रखर व्यायाम आहे, तो पुष्कळ काळ बैठकांनी पाय तयार झाल्यावाचून कोणी करू नये. आणि सर्वांत आधी उतरावयास शिकावे. पायाचे पंजे आधी टेकवावेत, मग टाचा, मग गुडघे व कंबर वाकवून वेग जिरवावा. आवाज जितका कमी, तितके उतरणे चांगले. मुलास उडी शिकविण्यापूर्वी उतरणे शिकवावे, हे ऐकावयास विपरीत वाटेल, पण ज्यास निर्भयपणे उतरता येते तोच निर्भयपणे वर जाऊ शकतो.

आपली प्रगती मोजण्यासाठी आज मोठ्या प्रयोगशाळेची गरज राहिलेली नाही. खिशातील दूरध्वनीवर संथ गतीचे चित्रण करून, पाय जमिनीवरून सुटल्यापासून पुनः टेकेपर्यंत किती वेळ गेला तेवढे पाहावे. ०.५ सेकंद म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर, ०.६ सेकंद म्हणजे सुमारे ४४ सेंटिमीटर. मात्र पाय टेकताना शरीर सुटतेवेळी होते तसेच सरळ असावे. गुडघे वर ओढून घेतले, तर घड्याळ फसते, उंची वाढत नाही. तीन आठवडे नेटाने सराव करूनही हा आकडा घसरत असेल, तर अधिक कष्टांची नव्हे, विश्रांतीची गरज आहे असे समजावे.

दाराच्या चौकटीस हात लावणाऱ्या त्या मुलाकडे आपण पुनः एकदा पाहू. त्याची दृष्टी वर आहे, आणि ती तेथेच असावी. परंतु त्याच्या वडिलांनी, शिक्षकांनी आणि त्याच्यासाठी खर्च मंजूर करणाऱ्या माझ्यासारख्यांनी मात्र आपली दृष्टी खाली ठेवावयास हवी. त्याच्या पायांखाली कोणती जमीन आहे, त्या जमिनीस ढकलण्याची रीत त्यास कोणी शिकविली आहे काय, आणि तो खाली येईल तेव्हा त्यास झेलावयास तेथे काय अंथरलेले आहे, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे आपण देऊ शकलो, तर चौकटीपर्यंत पोहोचण्याचे काम तो स्वतःच करील.